पोच्याची मालकीण

मी जुन्या गाड्यांची वर्णनं लिहिते. पोटासाठी माणसं काय काय करतात, त्यातलाच हा एक प्रकार. प्रत्येक लिलावाआधी गुळगुळीत कागदाचा जाडजूड कॅटलॉग निघतो, त्यात एकेका गाडीला दोन-दोन पानं मिळतात आणि ती पानं मी भरते. लग्नाच्या जाहिराती लिहिणाऱ्याला माझं काम सहज जमेल. ‘वयाच्या मानाने उत्तम’ म्हणजे खालून कुजलेली. ‘चालू स्थितीत’ म्हणजे उतार असेल तर. ‘जिवापाड जपलेली’ म्हणजे मालकाने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही आणि स्वतः कधी तेल बदललं नाही. मी खोटं लिहीत नाही. खरं जरा नटवून लिहिते आणि त्याचाच पगार घेते.

या धंद्यातलं एक वेड आधीच सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला थापा वाटेल. गाडी जितकी मूळची, तितकी महाग. मूळचा रंग, मूळच्या काचा, मूळची सीट आणि सीटला पडलेलं मूळचं भोकसुद्धा. एखाद्या गाडीला जन्मापासून कुणीही सुधारलेलं नसेल, तर संग्राहक लोक तिच्यासमोर हात जोडून उभे राहतात. आणि एखाद्या भल्या माणसाने हौसेने नवा रंग मारला असेल, तर तिच्याकडे विग घातलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात. तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण नजर तिथेच जाते.

ही चोरी पकडायला आमच्याकडे एक तपासनीस आहे. रंगाची जाडी मोजणारं काडेपेटीएवढं यंत्र त्याच्या खिशात असतं. पत्र्याला टेकवलं, की रंगाचे थर किती आहेत आणि खाली लांबी भरली आहे का, ते यंत्र सांगतं. लांबी म्हणजे पेंटर भिंतीच्या भेगेत भरतो तीच. रंग मूळचा असेल तर यंत्र गप्प राहतं, नसेल तर किंचाळतं. तपासनिसाला आम्ही ‘मीटर’ म्हणतो, आणि आता त्याच्या बायकोलाही तेच नाव जवळचं वाटतं.

तर मी आणि मीटर त्या घरी गेलो, ती एक साधी सकाळ होती. घर दोघांचंच. काका निवृत्त झालेले, पण आयुष्यभर विक्रीखात्यात काढलेल्या माणसाचा आवाज काही निवृत्त होत नाही. काकू बारीक चणीच्या, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला, दोन शब्दांत काम होत असेल तर तिसरा न वापरणाऱ्या. मुलगी लग्न होऊन लांब राहायला गेलेली. गाडी गॅरेजमध्ये, जुने पडदे जोडून शिवलेल्या आच्छादनाखाली. आच्छादन काकूंनी शिवलेलं आहे हे टाक्यांवरून कळत होतं.

काकांनी ते जादूगारासारखं खेचून काढलं. फिकट पिस्ता रंगाची, चार दरवाज्यांची, गोल दिव्यांची गाडी. मीटरच्या तोंडून हुंकार निघाला. इतकी कोरी गाडी आम्हाला वर्षा-दोन वर्षांतून एखादी दिसते.

“एका हातची आहे,” काका म्हणाले. “कागदोपत्री हिच्या नावावर. तेव्हा कसलीशी सवलत मिळायची बायकांच्या नावावर घेतली तर. गाडी हिच्या नावावर आणि पोचा माझ्या नशिबात!”

हे ते पहिल्यांदा म्हणत नव्हते. विनोद झिजून अगदी गुळगुळीत झाला होता.

पोचा डाव्या बाजूच्या पुढच्या दरवाज्याला होता, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटचा दरवाजा. चांगला परातीएवढा. पत्रा आत गेलेला, पण रंग शाबूत.

“शाळेच्या गल्लीत वळताना दगडी खांब. खांब कधीपासून तिथेच होता बरं का, तो काही हिला बघून पुढे आला नाही!” काका हसले आणि आम्ही हसायची वाट बघत थांबले. मीटर हसला, त्याला पगार आहे. “तेव्हापासून हे दार उघडत नाही. मी म्हटलं, मुळीच दुरुस्त करायचं नाही. राहू दे. हिला आठवण राहील! तेव्हापासून बाईसाहेब मागच्या सीटवर. राणीसारख्या. पाहुणे आले की आधी पोचा दाखवतो, मग चहा.”

काकू दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी पोच्याकडे बघितलंच नाही. इतकी वर्षं दाखवलेली वस्तू, तिच्याकडे काय बघायचं.

काका कागद आणायला आत गेले, तशा त्या दोन पावलं पुढे आल्या.

“विकायच्या आधी हा पोचा काढून घेता येईल?” त्यांनी विचारलं. “खर्च मी करीन.”

मीटरने छातीवर हात ठेवला. “काकू, काय बोलताय! पोचा मूळ रंगातला आहे. काढलात तर दरवाजा रंगवावा लागेल. सगळी मजा जाईल. किंमत कुठल्या कुठे उतरेल.”

“पोच्याला किंमत आहे?”

“पोच्यालाच आहे!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, हा मुलगा बरा आहे ना, अशा नजरेने. मी मान हलवली. आमच्या धंद्यात असंच असतं, असं काहीतरी पुटपुटले.

“मला वाटलं होतं, गाडी गेली की तो पण जाईल,” त्या म्हणाल्या. “घरातून तरी.”

“जाईल की, काकू.”

“जाईल ना?” त्यांनी पुन्हा विचारलं. मग काका आले, आणि त्या पाणी आणायला आत गेल्या.

मीटर आता रंगात आला होता. यंत्र एकेका जागी टेकवत तो गाडीभोवती फिरत होता. डिकी गप्प. मागचे दरवाजे गप्प. पोच्याचा दरवाजाही गप्प, म्हणजे प्रामाणिक पोचा. छत गप्प, बॉनेट गप्प. मग ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा मडगार्ड आला आणि यंत्राने अशी शिट्टी मारली, की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

मीटरने पुन्हा टेकवलं. पुन्हा शिट्टी. त्याने बोटाने पत्रा वाजवला. आवाज भरीव आला, लाकडासारखा.

“काका, इकडे काम झालंय. लांबी भरलीय भरपूर. मोठाच मार बसला असणार. हे कधीचं?”

मी काकांच्या तोंडाकडे बघत होते. माझ्या कामात ती सवय लागते. एका क्षणात त्या तोंडावर चारपाच सबबी येऊन गेल्या, आणि मग विक्रीखातं जागं झालं.

“अरे ते होय? तेसुद्धा हिचंच काम!”

काकू पाण्याचा ट्रे घेऊन दारात आलेल्या होत्या.

“काय माझं?”

“अगं, हा मडगार्ड. तुला आठवत नसेल, जुनी गोष्ट.”

“कधी?”

“मुलगी लहान होती तेव्हा. झालं ते झालं. मी कधी बोललो का?”

पोच्याबद्दल जन्मभर बोललेला माणूस हे म्हणत होता. काकूंनी ट्रे बाकावर ठेवला. पाणी जराही हिंदकळलं नाही. त्यांनी मडगार्डकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग परत मडगार्डकडे, आणि मनातल्या मनात काहीतरी मागे मोजत गेल्या. मग म्हणाल्या, “पाणी घ्या.” आणि आत गेल्या.

मला तेव्हाच संशय आला होता. पण मला गाडीची गोष्ट हवी होती आणि ती मला आयती मिळाली होती. मी लिहिली. ऑफिसमध्ये सगळे खूश झाले. पोच्याचा फोटो अख्ख्या पानभर छापला, तिरप्या उजेडात, आणि वर मथळा दिला: ‘बाईंची सही’. खाली बारीक अक्षरांत लिहिलं, की उजवा पुढचा मडगार्ड पूर्वी दुरुस्त केलेला असून तोही याच हातांचा प्रताप आहे. ‘प्रताप’ हा शब्द मला तेव्हा फार आवडला होता.

लिलावाच्या आदल्या दिवशी गाड्या बघायला ठेवतात. मोठा हॉल, लाल गालिचा, पितळी दांड्यांना बांधलेले दोर, मेणपॉलिशचा आणि मशीनच्या कॉफीचा वास. आमची गिऱ्हाइकं पैसेवाली असतात, पण गाडीखाली वाकताना सगळ्यांच्या गुडघ्यांचा आवाज सारखाच येतो. त्या दिवशी सगळे पिस्ता गाडीपाशी वाकत होते. एकजण पोच्यावर हाताची वीत ठेवून बघत होता. दुसरा बायकोला सांगत होता, “बघ, याला म्हणतात अस्सल.” त्याच्या बायकोने मान हलवली. तिचं लक्ष काकूंकडे होतं.

काकूंना गाडीशेजारी घडीच्या खुर्चीवर बसवलं होतं. ती कल्पना ऑफिसची. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. लोक येत, पोचा बघत, मग काकूंकडे बघत, आणि विचारत, “तुम्हीच ना त्या?” फोटो काढत. एकाने पोचा आणि काकू एकाच फोटोत यावेत म्हणून त्यांना खुर्चीसकट सरकायला लावलं. काका दोराच्या आत उभे राहून गोष्ट सांगत होते. खांब कधीपासून तिथेच होता, तो काही पुढे आला नाही. गर्दी बदलली की पुन्हा पहिल्यापासून. त्यांचा आवाज बसायला लागला होता, पण चेहरा असा फुलला होता, की मला वाटलं, गाडी विकली गेली नाही तरी या माणसाला चालेल.

दुपारी हॉटेलवाला आला. त्याची बरीच हॉटेलं आहेत आणि प्रत्येकाच्या दारात एक जुनी गाडी उभी असते. माणूस मनाने वाईट नाही. त्याने पोचा बघितला, गोष्ट ऐकली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

“वहिनी, ही गाडी मी घेणार. नव्या हॉटेलच्या लॉबीत, काचेच्या खोलीत. पोच्यावर वेगळा दिवा. खाली पितळी पाटी, त्यावर तुमचं नाव. उद्घाटनाला फीत तुम्हीच कापायची!”

“येणार, येणार, का नाही येणार?” काका म्हणाले.

काकूंनी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. हॉटेलवाल्याला वाटलं, बाई भारावल्या.

थोड्या वेळाने मी स्टेजमागच्या माझ्या खोलीत कॉफी पीत बसले होते. खोली म्हणजे तीन बाजूंना प्लायवूड आणि चौथ्या बाजूला पडदा. पडदा बाजूला करून काकू आत आल्या.

“तुमच्या पुस्तकात चूक आहे,” त्या म्हणाल्या.

“कुठली?”

“मडगार्ड माझा नाही.”

मी त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत.

“मुलगी झाली तेव्हा मी आईकडे होते. हे आम्हाला दोघींना न्यायला आले ते बसने. तान्ही पोर, माझे टाके, आणि बसने. म्हणाले, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. घरी आल्यावर बघितली तर मडगार्ड चकाचक. मी म्हटलंसुद्धा, किती छान पॉलिश केलंय.” त्या थांबल्या. “इतकी वर्षं मला वाटत होतं, पॉलिश आहे. त्या दिवशी तुमच्या त्या मुलाचं यंत्र वाजलं तेव्हा कळलं.”

“आणि पोचा?”

“पोचा माझाच. त्याच्यानंतरचा. मुलगी चालायला लागली होती.” म्हणजे आधी काकांनी स्वतः गाडी ठोकली, गुपचूप दुरुस्त केली, आणि मग बायकोच्या पोच्याला जन्मठेप दिली. मला हसू आलं आणि लगेच राग आला. राग जास्त होता. ‘प्रताप’ शब्द आठवला, तेव्हा तो राग थोडा माझ्यावरही वळला.

“मग तुम्ही गाडी चालवणं सोडून दिलंत?” मी विचारलं.

“छे. ही गाडी सोडली. किल्ली ह्यांच्याकडे असायची. मी बालवाडीत शिकवायचे, तिथली व्हॅन मीच चालवत होते, रिटायर होईपर्यंत. चिमणी पोरं भरलेली, मागे एक रडतंय, एक उलटी करतंय. कधी साधा ओरखडा नाही.”

“काकांना माहीत नाही?”

“माहीत आहे की. ते म्हणतात, व्हॅन म्हणजे काय गाडी आहे?”

मग त्यांनी पर्समधून आमचा कॅटलॉग काढला. मागच्या पानावर, जिथे अगदी बारीक अक्षरांत नियम छापलेले असतात, तिथे त्यांनी बोट ठेवलं. ते पान आमच्या वकिलानेसुद्धा एकदाच वाचलं असेल. वर्णनात चूक निघाली, तर मालकाच्या सांगण्यावरून तिची दुरुस्ती बोली सुरू होण्याआधी स्टेजवरून वाचून दाखवण्यात येईल, असा तो नियम.

“मालक मीच ना?”

“तुम्हीच. पण काकू, रंगकामाची आठवण भर हॉलमध्ये करून दिली तर बोली खाली येईल. आणि काकांचं…”

“ह्यांनी जेवढ्या मोठ्याने सांगितलं, तेवढ्याच मोठ्याने वाचायचं,” त्या म्हणाल्या. “बाकी माझं काही नाही.”

मला वाटलं, एवढ्यावर या बाईचं समाधान होईल. त्यांनाही तसंच वाटलं असावं.

आमच्याकडे बोली पुकारणारा आहे त्याला सगळे ‘घसा’ म्हणतात. लिलावाआधी तो आठवडाभर कुणाशी बोलत नाही, गरम पाणी पितो आणि खुणांवर दिवस काढतो. दुसऱ्या दिवशी पिस्ता गाडी स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर स्टेजवर चढली. पांढरे हातमोजे घातलेला आमचा ड्रायव्हर आत बसलेला. हॉल गच्च भरला होता. काका-काकू पहिल्या रांगेत होते, हॉटेलवाला त्यांच्या मागे.

“बोलीआधी एक दुरुस्ती,” घसा म्हणाला आणि त्याने माझा कागद हातात घेतला. मी तो साध्या भाषेत लिहिला होता. आयुष्यात पहिल्यांदाच काही नटवलं नव्हतं. “गाडीच्या मालकीणबाई कळवतात, की डाव्या दरवाज्याचा पोचा त्यांचा आहे आणि तो त्यांना मान्य आहे. उजव्या मडगार्डचा मार त्यांचा नाही. तो त्यांच्या यजमानांचा आहे. तेव्हा मालकीणबाई बाळंतपणासाठी आईकडे होत्या.”

मग मागे कुठेतरी एक बाई खुदकन हसली, आणि मग अख्खा हॉल हसला. जोरात, पोट धरून. हसणं काकूंवर नव्हतं, ते आदल्या दिवशी पोच्यावर हसलेल्या माणसांनाही कळत होतं. मी काकूंकडे बघितलं. त्यांचे खांदे जरा खाली आले होते, ओझं उतरवल्यावर येतात तसे.

काका लालबुंद झाले. मला वाटलं, हा माणूस आता उठून बाहेर जाईल. ते उठलेही. पण बाहेर गेले नाहीत. हॉलकडे वळले, दोन्ही हात वर केले आणि झकास वाकून नमस्कार केला.

“पकडलं बुवा!” ते ओरडले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. “हात वर करू नका हो यजमान,” घसा म्हणाला, “बोली धरीन!” त्यावर आणखी हशा. काका बसले, लगेच मागे वळले आणि हॉटेलवाल्याला सांगू लागले, “अहो, काय झालं होतं, फाटक कधीपासून तिथेच होतं, पण मी…” हॉटेलवाला आत्तापासूनच हसत होता. नवी गोष्ट तयार झाली होती. सांगणारा तोच, आवाज तोच आणि मान त्याचाच.

काकूंचे खांदे परत जागेवर गेले. मला इतकं वाईट वाटलं, की मी खाली बघितलं.

बोली सुरू झाली. मडगार्डची आठवण झाल्यामुळे चोखंदळ लोक गळाले. उरला तो हॉटेलवाला आणि फोनवरचा कुणीतरी, मग फोनवाल्यानेही नाद सोडला. हॉटेलवाला राखीव किमतीच्या अगदी जवळ येऊन थांबला. राखीव किंमत म्हणजे जिच्या खाली मालकाला न विचारता गाडी देत नाहीत ती. घसा स्टेजवरून पुढे झुकला.

“जरासंच अंतर राहिलंय. सोडायची का?”

“सोडा, सोडा!” काका म्हणाले.

“मी मालकांना विचारतोय,” घसा म्हणाला. तो नियमाचा माणूस आहे. “मालकीणबाई?”

सगळा हॉल काकूंकडे बघायला लागला. त्या उठल्या आणि हॉटेलवाल्याकडे वळल्या.

“एक विचारू? गाडी नेल्यावर तुम्ही पोचा काढाल?”

हॉटेलवाल्याने हृदयावर हात ठेवला. आपण ही गाडी जिंकली, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. “वहिनी, शब्द देतो. माझ्यानंतर माझी मुलंसुद्धा त्याला हात लावणार नाहीत.”

“मग नाही,” काकू म्हणाल्या.

“नाही म्हणजे?” घसा गोंधळला.

“द्यायची नाही.”

“अगं!” काका म्हणाले. हातोडा पडला आणि घशाने जाहीर केलं, की गाडी विकलेली नाही.

काकू स्टेजच्या पायऱ्या चढल्या. गाडीच्या उजव्या दाराशी जाऊन त्यांनी हातमोजेवाल्याला सांगितलं, “उतरा.” त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “गाडी त्यांची आहे.” तो उतरला. काकू आत बसल्या, सीट पुढे ओढली आणि गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

काका धावत आले. धावताना ते डाव्या बाजूला गेले आणि पुढचं दार ओढायला लागले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी.

“ते उघडत नाही,” काकू आतून म्हणाल्या. “मागे बसा.”

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सगळे बघत होते. काकांनी मागचं दार उघडलं आणि आत बसले, गुडघे जवळ घेऊन. काकूंनी आरसा जरा वळवला, त्यात फक्त रस्ता दिसेल एवढा. मग काच खाली करून मला बोलावलं.

“इथे जवळ चांगला डेंटिंगवाला कुठे आहे?”

पुढच्या दोन रांगांनी ते ऐकलं आणि तिथून एक कण्हण्याचा आवाज आला. हॉटेलवाला “वहिनी!” असं ओरडला. मीटर तर स्टेजवर धावत आला आणि पोच्यासमोर आडवा उभा राहिला, कुणी त्यावर हातोडी उगारल्यासारखा.

“काकू, असं करू नका हो! तो मूळचा आहे!”

“मूळची गाडी पोच्याशिवाय होती,” काकू म्हणाल्या. “कारखान्यातून आली तेव्हा कुठे होता तो?”

मीटर पोच्यासमोरून बाजूला झाला. याचं उत्तर आमच्या धंद्यात कुणाकडेच नाही. मी काकूंना सांगितलं, की बाहेर पडल्यावर सिग्नलला डावीकडे, टायरच्या दुकानामागे एक म्हातारा आहे, हात चांगला आहे. तो आमच्या कॅटलॉगमध्ये कधीच येत नाही, पण आमच्या निम्म्या गाड्या त्याच्याकडूनच आलेल्या असतात. हे सांगताना घशाचा माईक जवळच चालू होता आणि सगळ्या हॉलला ऐकू गेलं, हे माझ्या लक्षात आलं नाही. पुढच्या आठवड्यात ऑफिसने मला बोलावलं, पण ते जाऊ दे.

काकूंनी गाडी सुरू केली. स्टेजवरून खाली जाणारा उतार अरुंद आहे आणि शेवटी हॉलचं दार, दोन्ही बाजूंना खांब. आमचा हातमोजेवाला तिथे नेहमी दोनदा थांबतो आणि कुणालातरी खूण करायला उभं करतो. काकू थांबल्या नाहीत. मागच्या सीटवरून काका दोन्ही हात पुढच्या सीटवर दाबून सांगत होते, “डावीकडे बघ, अगं डावीकडे, खांब आहे, खांब!” गाडी दोन्ही खांबांच्या मधून सरळ बाहेर गेली. सिग्नलला तिचा डावीकडचा दिवा लुकलुकला, आणि काकांचं बोट अजून काचेतून खांबाकडे दाखवत होतं.